परिस्थितीचे भान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी संपल्यापासून मी नाशिकमधील सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, पालक मेळावे आणि स्वयंसेवकांची पथके यांच्यासमोर या विषयावर बोलत आलो आहे. व्याख्यानानंतर चिठ्ठ्यांवर येणारे आणि पुढे व्हॉट्सॲपवरही पुन्हा पुन्हा येत राहणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ‘परिस्थितीचे भान’ म्हणजे नेमके काय? आई-वडील ‘सांभाळून जा’ म्हणतात, तेच ना?

‘सांभाळून जा’ ही सूचना झाली. कशाकडे पाहायचे आणि पाहिल्यावर काय करायचे हे तिच्यात नसते. मिका एंड्सली या अमेरिकन संशोधिकेने १९९५ मध्ये वैमानिकांच्या संदर्भात जी मांडणी केली, तिच्यात भानाच्या तीन पायऱ्या आहेत : भोवतालच्या गोष्टी टिपणे, त्यांचा एकत्रित अर्थ लावणे आणि थोड्या वेळाने काय होईल याचा अंदाज बांधणे.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर गोदाघाटाचे घ्यावे. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या गुडघ्यांपर्यंत आले आहे हे दिसणे ही पहिली पायरी. घाटावर पाऊस थांबलेला असूनही पाणी चढते आहे, म्हणजे ते गंगापूर धरणाच्या विसर्गाचे आहे, हे कळणे ही दुसरी. गौरी पटांगणावर लावलेली गाडी आता काढली नाही तर नंतर ती काढता येणार नाही, हे ओळखून खिशातली किल्ली हातात घेणे ही तिसरी. पुरात अडकलेल्या गाड्यांची छायाचित्रे आपण पावसाळ्यात पाहतो; त्या गाड्यांच्या मालकांनी पाणी पाहिलेच नव्हते असे नसते, त्यांचे पाऊल पहिल्या पायरीवर थांबलेले असते.

२. डोळे उघडे असताना समोरची गोष्ट दिसत नाही, हे कसे शक्य आहे?

डोळा कॅमेऱ्यासारखा सगळे सारखे टिपतो, ही समजूत चुकीची आहे. हात लांब करून अंगठा समोर धरला तर त्याच्या नखाएवढ्या भागातच आपल्याला खरोखर स्पष्ट दिसते. बाकीचे चित्र अंधुक असते आणि नजर सेकंदाला तीन-चार वेळा उड्या मारत ते भरून काढत असते. नजर कोठे उडी मारणार हे बव्हंशी अवधान, म्हणजे मन त्या वेळी कशाच्या शोधात आहे, यावर ठरते.

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ मध्ये केलेला प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो : चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना, गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेलेली दिसलीच नाही. यावर ‘सामान्य माणसांचे ठीक आहे, तज्ज्ञांचे तसे होणार नाही’ असा आक्षेप हमखास येतो. त्याचे उत्तर २०१३ मध्ये मिळाले. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना एका गाठीच्या सुमारे ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र दाखवले गेले आणि त्यांपैकी २० जणांच्या ते लक्षात आले नाही. त्यांची नजर त्या जागेवरून गेली होती, पण त्यांचे मन गाठी शोधत होते.

३. हात मोकळे ठेवून, ब्लूटूथवर बोलत गाडी चालवली तर चालते ना?

नाही. हात मोकळे राहतात, अवधान मोकळे राहत नाही. २००१ मधील स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांच्या प्रयोगात फोन हातात धरून बोलणारे आणि हात मोकळे ठेवून बोलणारे, दोघेही सिग्नल टिपण्यात सारखेच मागे पडले. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मन दुसरीकडे असले तर ३३ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे तुलनेने सुरक्षित असते, कारण रस्ता त्यालाही दिसत असतो आणि द्वारका चौक आला की तो आपोआप बोलायचा थांबतो. फोनवरच्या माणसाला द्वारका चौक दिसत नाही.

४. भान नेमके कोठे सुटते? समजण्यात चूक होते की पाहण्यात?

बहुतेक वेळा पाहण्यात. जोन्स आणि एंड्सली यांनी १९९६ मध्ये विमानचालनातील घटनांचे अहवाल तपासले, तेव्हा भानाच्या सुमारे ७६ टक्के चुका पहिल्याच पायरीवरच्या निघाल्या. माहिती समोर होती, पण ती टिपलीच गेली नव्हती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २९ डिसेंबर १९७२ चे आहे. मायामीला उतरणाऱ्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही, म्हणून चालक कक्षातील सर्व जण त्या दिव्यामागे लागले. तेवढ्यात उंची कायम राखणारी स्वयंचलित व्यवस्था नकळत सुटली आणि विमान हळूहळू खाली येऊ लागले. उंची बदलल्याचा इशारा वाजला, पण तो कोणाच्या ध्यानात आला नाही. विमान दलदलीत कोसळले आणि १०१ जणांचा मृत्यू झाला. चाक व्यवस्थित बाहेर आलेले होते. फक्त दिव्याचा बल्ब गेलेला होता.

माझ्या बाबतीत प्रकरण बुटावर निभावले. कारखान्याच्या यार्डात मी पिंपांवरचे क्रमांक नोंदवहीत उतरवत मागे सरकत होतो. फोर्कलिफ्ट उलटी येत होती आणि तिचा ‘पीं-पीं’ आवाज पूर्णपणे चालू होता. तो मला ऐकू आला नाही, कारण तो दिवसभर, वर्षानुवर्षे वाजतच असे. एका हेल्परने कॉलर धरून मला मागे खेचले. उजव्या बुटाच्या टोकावर टायरचा काळा पट्टा उमटला होता आणि पॉलिशने तो कधीच गेला नाही. सुरक्षा अधिकारी मीच होतो, हे वेगळे सांगायला नको. सतत वाजणारा इशारा म्हणजे कान जो आवाज गाळायला शिकतात तोच आवाज होय. त्यानंतर आम्ही यार्डात माणसांची वाट आणि वाहनांची वाट पिवळे पट्टे मारून वेगळी केली.

५. मग सगळीकडे सतत पाहत राहायचे का? ते तर अशक्य आहे.

अशक्य आहेच, आणि अनावश्यकही आहे. एखाद्या जागेचे ‘नेहमीचे’ रूप माहीत असेल तर त्यातला बदल आपणहून डोळ्यांत भरतो. रोज सकाळी रविवार कारंजावरून जाणाऱ्याला हातगाड्यांची जागा, रिक्षांची रांग आणि दुकाने उघडण्याची वेळ पाठ असते. एखाद्या दिवशी निम्मी शटर खाली दिसली की कारण कळण्यापूर्वीच त्याची पावले मंदावतात.

रामकुंडाजवळ दिव्यांचे द्रोण विकणाऱ्या एक मावशी मी एका श्रावणात तासभर पाहत होतो. त्यांनी टोपलीतल्या कुंकवाची चिमूट घेऊन, पाण्याच्या रेषेच्या वितभर वर, पायरीच्या दगडावर एक टिपका लावला आणि त्या पुन्हा गिऱ्हाइकांकडे वळल्या. चार-सहा द्रोण विकले की एकदा मान वळवून टिपक्याकडे पाहायचे, एवढेच. टिपका ओला झाला तशी त्यांनी सुटे पैसे कमरेला खोचले. तो धुऊन गेला तेव्हा त्यांनी टोपली उचलली आणि त्या तीन पायऱ्या वर जाऊन बसल्या. तेथे त्यांनी नवा टिपका लावला. प्रश्न १ मधील तिन्ही पायऱ्या त्या चिमूटभर कुंकवात होत्या. नदीकडे टक लावून बसलेले आम्ही दहा-बारा जण मात्र ‘पाणी वाढलंय का हो?’ असे एकमेकांना विचारत होतो, कारण हळूहळू होणारा बदल नजरेला दिसत नाही, खूण असेल तरच दिसतो.

नव्या जागी गेल्यावर, मग ते लग्नाचे कार्यालय असो की मॉल, आत शिरताना दहा सेकंद थांबून येथे नेहमीचे काय असावे आणि आलो त्याशिवाय बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, हे पाहून घ्यावे. आग लागल्यावर बहुतेक लोक आलेल्याच दाराकडे धावतात आणि कोंडी तेथेच होते.

६. धूर किंवा जळका वास येऊनही लोक जागचे हलत का नाहीत?

कारण प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा वाचत असतो. लाताने आणि डार्ली यांनी १९६८ मध्ये अर्ज भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत धूर सोडला. एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थ्यांनी बाहेर येऊन कळवले. जेथे सोबतच्या दोघांना मुद्दाम निर्विकार बसायला सांगितले होते, तेथे हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. आपल्या मनातली शंका मोठ्याने बोलून दाखवणे हा यावरचा साधा उपाय आहे. ‘मला वायरचा वास येतोय, तुम्हाला येतोय का?’ एवढे एकाने विचारले की बाकीच्यांची जीभ सुटते. आपल्याकडे ‘उगाच हसे होईल’ ही भीती धुरापेक्षा जास्त गुदमरवते, असे माझे मत आहे.

७. सिंहस्थात कुटुंबासह रामकुंडावर जायचे आहे. गर्दी धोक्याची होत चालली आहे हे आतल्या माणसाने कसे ओळखावे?

२७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर सरदार चौकाजवळ झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. उधळलेली नाणी वेचण्यासाठी लोक वाकल्याचे त्या वेळच्या वृत्तांत नोंदले गेले आहे. जुन्या नाशिकच्या आणि पंचवटीच्या गल्ल्या पाहिल्या की लक्षात येते : वाट अरुंद, त्यात उतार, आणि मागच्याला पुढे काय झाले आहे हे दिसण्याची सोय नाही. मागचे लोक पाहण्यात कमी पडत नाहीत. त्यांच्यापर्यंत माहितीच पोहोचत नाही. म्हणून ध्वनिक्षेपकावरची सूचना ऐकू येत नसेल इतक्या आत शिरणे टाळावे.

गर्दी मोजण्याचे माप चौरस मीटर आहे. साधारण एका सतरंजीच्या चौकोनाएवढ्या त्या जागेत चार माणसे असली तर चाल मंदावते, पाचच्या वर धोका सुरू होतो आणि सातच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वागू लागते, म्हणजे एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मोजत बसणे शक्य नसते, पण अंग सांगते. कोणाला तरी आपला खांदा सतत लागतो आहे, हात वर करून चेहऱ्यापर्यंत नेणे अवघड झाले आहे, आपण चालत नसून नेले जात आहोत, असे वाटू लागले की बाहेर पडण्याची वेळ तीच असते; हे वाटण्याआधी बाहेर पडलात तर अधिक चांगले. अशा गर्दीत बहुतेक मृत्यू पायांखाली तुडवले गेल्याने होत नाहीत, तर छाती दाबली जाऊन श्वास घेता न आल्याने, अनेकदा उभ्या-उभ्याच होतात. म्हणून कोपर वाकवून हात छातीसमोर धरावेत आणि फुप्फुसांपुरती जागा राखावी. लाटेविरुद्ध जोर लावू नये. लाट ओसरली की दोन पावले तिरपे, कडेकडे सरकावे. पडलेली चप्पल, पिशवी किंवा मोबाइल यांसाठी वाकू नये. पडलातच तर कुशीवर होऊन गुडघे छातीशी घ्यावेत आणि हातांनी डोके झाकावे.

मुलांच्या खिशात घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि ताटातूट झाल्यास भेटायची जागा घाटापासून दूर ठरवावी. २०२७ च्या सिंहस्थात मोबाइल चालेलच असे गृहीत धरू नये.

८. आई पहाटे गंगापूर रोडवर फिरायला जाते. सोनसाखळी चोरांची भीती वाटते. तिला काय सांगू?

दागिने घरी ठेवायला सांगा. हे सर्वांत परिणामकारक आहे आणि सर्वांत कमी पाळले जाते. फिरताना येणारी वाहने समोर दिसतील अशा बाजूने चालावे आणि दोन्ही कानांत भजने लावू नयेत. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांत तो पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून ठरवतो. हा फरक एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो. एका कानात बुच घातले तरी दिशा कळेनाशी होते, दोन्हीत घातले तर मागून मंदावलेली दुचाकी ऐकूही येत नाही. पत्ता विचारायला गाडी थांबली तर दोन पावले मागे सरकून उत्तर द्यावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

९. मुलगा आठ वर्षांचा आहे, हुशार आहे. शाळेचा रस्ता एकट्याने ओलांडू द्यावा का?

वाहता रस्ता असेल तर नाही. हुशारीचा येथे संबंध नाही. येणारे वाहन डोळ्यांत किती वेगाने मोठे होत आहे यावरून आपण त्याचा वेग ताडतो आणि ही क्षमता प्राथमिक शाळेच्या वयात पुरती विकसित झालेली नसते. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात, ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारे वाहन या वयाच्या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही, असे आढळले. कॉलेज रोडवर याहून हळू कोण चालवते, ते आपण जाणताच.

१०. सोसायटीत सोळा कॅमेरे आहेत आणि पडद्यासमोर वॉचमनही बसतो. तरी चोरी झाली. दोष कोणाचा?

वॉचमनचा कमी, मांडणीचा जास्त. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवले की क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवणाऱ्याची अचूकता पहिल्या अर्ध्या तासातच ढासळते. बारा तासांच्या पाळीत सोळा चौकोनांकडे पाहणाऱ्या माणसाकडून आपण अशक्य ते मागतो. त्याला तासाला एक फेरी मारू द्या, कॅमेऱ्यांपैकी दोन-तीन मोक्याचेच समोर ठेवा आणि कृपा करून त्याला दुपारी गाड्या धुवायला लावू नका.

११. आता मोबाइलवर इशारे येतात. ते पुरेसे नाहीत का?

ते घ्यावेतच. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आणि इतर आपत्तींसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲप उपयोगी आहे. मात्र इशारा तालुक्याला असतो आणि आपण एका विशिष्ट बांधावर उभे असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. नुसता गडगडाट ऐकू येत असला तरी द्राक्षबागेतून पक्क्या घरात यावे. इशाऱ्यांची सवय झाली की काय होते, ते प्रश्न ४ मध्ये आले आहे.

१२. आमच्या भागात बिबट्या दिसल्याची बातमी आली. तेव्हापासून प्रत्येक सावली बिबट्याची वाटते. हे भान की भ्रम?

दोन्ही एकाच यंत्रणेची कामे आहेत. मेंदू अंधुक चित्र अपेक्षेने पुरे करतो. अपेक्षा बिबट्याची असेल तर मांजरही बिबट्या होते. मळे परिसरात राहणाऱ्यांच्या बाबतीत ही चूक अगदीच वाईट नाही, कारण दहादा फसगत होणे हे एकदा न दिसण्यापेक्षा स्वस्त पडते. फक्त सावली पाहिली की लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नये. बिबट्या खरोखर दिसला तर धोका त्याच्यापेक्षा जमणाऱ्या गर्दीमुळे वाढतो, कारण त्याची निघून जाण्याची वाट बंद होते. अंतर राखावे, त्याला वाट मोकळी ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

१३. सतत सावध राहून थकवा येतो. हा आजार तर नाही?

भान हे अंगाला पीळ देऊन ठेवावे लागत नाही. जेफ कूपर या अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षकाने सावधपणाला रंग दिले होते : पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे सैल पण जागा, नारिंगी म्हणजे विशिष्ट शंका आलेला, लाल म्हणजे कृतीला सज्ज. दिवसभर पिवळ्यात राहता येते. नारिंगीत मात्र काही मिनिटेच राहावे, आणि घरी दार लावल्यावर पांढरे व्हायला हरकत नाही. अपघात किंवा हल्ल्यानंतर कित्येक आठवडे झोप लागत नसेल, आवाजाने दचकायला होत असेल आणि घराबाहेर पडणे टळू लागले असेल, तर तो स्वभाव समजू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

लग्नात ‘सावधान’ हा शब्द ऐकताच समर्थ रामदास मांडवातून निघाले आणि पुढे आपल्या टाकळीला तपश्चर्येला बसले, अशी आख्यायिका आहे. एवढ्या टोकाला जाण्याची गरज नाही.

१४. वडिलांनी साठ वर्षे गोदेचे पूर पाहिले आहेत. अनुभवी माणसाचा अंदाज चुकू शकतो का?

चुकू शकतो, आणि चुकतो तेव्हा आत्मविश्वासाने चुकतो. चेस आणि सायमन यांच्या १९७३ मधील प्रयोगात निष्णात बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर नवशिक्यांपेक्षा कितीतरी अधिक मोहरे त्यांनी बरोबर मांडले. मोहरे वाटेल तसे विखुरले, तेव्हा हा वरचढपणा जवळजवळ नाहीसा झाला. अनुभव म्हणजे ओळखीच्या नमुन्यांचा साठा असतो.

मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजण्याची नाशिककरांची रीत गोदेपुरती उत्तम आहे. परंतु शहरातल्याच नासर्डी नदीला येणारे पाणी गंगापूर धरणाच्या विसर्गावर अवलंबून नसते. तिच्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला की ती आपल्या हिशेबाने चढते. ‘मारुतीच्या पायालाही पाणी नाही, मग कशाला घाबरायचे?’ असे नासर्डीकाठच्या वस्तीत म्हणणे म्हणजे एका डावाचे मोहरे दुसऱ्या पटावर मांडणे होय. वडिलांना नदी विचारा, पण कोणती नदी, तेही विचारा.

१५. गाडी मोठे काका चालवत आहेत, पुढे फरशी पुलावरून पाणी वाहते आहे आणि ते म्हणतात, ‘जाईल रे!’ आपल्याला धोका दिसतो. बोलायचे कसे?

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे येथे धुक्यात दोन विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ जणांचा मृत्यू झाला. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरला, दुसरे विमान अजून धावपट्टीवर असावे अशी शंका आली होती आणि त्याने तसे विचारलेही होते. ज्येष्ठ कप्तानाने ती शंका झटकली आणि विषय तेथेच संपला. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने कसे बोलावे आणि ज्येष्ठाने कसे ऐकावे, हा स्वतंत्र भाग झाला.

‘काका, पाणी जरा जास्त वाटतंय ना?’ या वाक्यात मान राखला जातो, माहिती राखली जात नाही. संबोधन आदराचे ठेवावे, पण वाक्य सरळ असावे : ‘काका, थांबा. पुलाचे कठडे दिसत नाहीत. मागे वळू.’ त्यात एक हाक, एक दिसलेली गोष्ट आणि एक कृती आहे. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान गाडी ढकलू शकते आणि दोन फूट असले तर बहुतेक गाड्या वाहून नेते, हे घरून निघतानाच, चहा पिताना सांगून ठेवलेले बरे, कारण पुलाच्या तोंडाशी आकडे कोणी ऐकत नाही. एवढे करूनही गाडी गिअरमध्ये पडलीच, तर ‘काका, आधी मला आणि काकूंना उतरू द्या,’ असे म्हणून दार उघडावे. काकू उतरल्यावर काका सहसा गाडी पुढे घालत नाहीत.